कर्नल बदलला की पंखा ओरडतो

बाबांच्या फोनचं पहिलं वाक्य ऐकलं की विषय कळतो. "जेवलास का?" असेल तर सगळं ठीक. "अरे, ते परत सुरू झालं" असेल तर लॅपटॉप.

"ते" म्हणजे पंखा. मिक्सर लावल्यासारखा आवाज, तळ इतका तापलेला की मांडीवर घेता येत नाही, तीन तास जाणारी बॅटरी सव्वा तासात खलास. स्क्रीनवर मात्र काहीच चाललेलं नसतं. एक ब्राउझर आणि त्यात पंचांग. लॅपटॉप माझाच जुना, सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा, त्यावर उबुंटू २२.०४ ही लिनक्स. या आवृत्तीत डेस्कटॉपवाल्यांचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) दर काही महिन्यांनी पुढे सरकत गेला: ५.१५, मग ५.१९, ६.२, ६.५ आणि शेवटी ६.८. पहिला फोन ५.१९ बसल्यावर आला, चौथा ६.८ बसल्यावर. मधले दोनही असेच, अपडेटनंतर रीस्टार्ट केलं त्या दिवशीचे.

त्यामुळे माझं निदान चारही वेळा तयार होतं: नवा कर्नल. ते चुकीचं होतं आणि ते कळायला मला दीड वर्ष लागलं. कसं चुकलं ते सांगतो, कारण तपासायची पद्धत त्यातच आहे. कमांड इथे मी बाबांना फोनवर सांगतो तशाच, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या.

आधी टॉपची वरची ओळ

टॉप (प्रोसेसर कोण किती वापरतंय ते दाखवणारी कमांड) उघडला की सगळ्यांची नजर खालच्या यादीकडे जाते. मी आधी वरची टक्केवारीची ओळ बघतो, कारण अर्धं निदान तिथेच होतं. यूएस म्हणजे आपले नेहमीचे प्रोग्राम. एसवाय म्हणजे खुद्द कर्नल. एचआय आणि एसआय म्हणजे इंटरप्टची (हार्डवेअरच्या हाकांची) कामं. डब्ल्यूए म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ. भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर असाल तर एसटीकडेही बघा. तो वाढलेला असेल तर तुमच्या वाट्याचा प्रोसेसर शेजारी वापरतोय, आणि तुम्ही कितीही कर्नल बदललेत तरी फरक पडणार नाही.

यूएस वाढलेला असेल तर कर्नलवर आळ घ्यायची घाई करू नका. अपडेटनंतरचा पहिला अर्धा तास तर नाहीच. त्या वेळात मागे बरंच काही चालतं: मॅन पानांची (कमांडच्या मदतपानांची) यादी नव्याने बनते, शोधासाठी ट्रॅकर फाइली चाळतो, प्रोग्राम बसवणारा स्नॅप आपली कामं उरकतो. चहा घ्या आणि मग बघा. अर्ध्या अधिक तक्रारी चहातच विरघळतात.

लोड अ‍ॅव्हरेजचा आकडा बघून घाबरणारे बरेच असतात. लिनक्समध्ये त्या आकड्यात फक्त प्रोसेसरसाठी रांगेत उभे असलेलेच नसतात, डिस्कवर किंवा नेटवर्कच्या ड्राइव्हवर अडकून पडलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात. लोड आठ आणि प्रोसेसर नव्वद टक्के रिकामा, असं होऊ शकतं. तो आजार वेगळा.

आणि चार कोअरच्या मशीनवर एक कोअर पूर्ण भरला तरी टॉपची एकत्रित ओळ पंचवीसच दाखवते. आकड्यांतला १ दाबा, प्रत्येक कोअर वेगळा दिसेल. बाबांच्या मशीनवर तीन कोअर झोपलेले आणि एकाच्या एसवायपुढे ८० च्या वर. म्हणजे कर्नलच्या पोटातलं काम, आणि एकाच धाग्याचं, म्हणजे थ्रेडचं.

केवर्कर हा नुसता मजूर

खालच्या यादीत सगळ्यात वर नाव होतं केवर्कर. एचटॉपमध्ये (टॉपचाच सुधारित भाऊ) हे नाव दिसलं नाही तर शिफ्ट आणि के दाबा. कर्नलचे थ्रेड तो बऱ्याचदा लपवून ठेवतो, आणि मग प्रोसेसर भरलेला पण यादीत कोणीच नाही, असा भुताटकीचा प्रकार वाटतो.

केवर्करचं नाव दिसलं की लोक ते नेटवर शोधतात आणि शंभर वेगवेगळे उपाय सापडतात. साहजिक आहे. केवर्कर हा नाक्यावरचा मजूर आहे. मुकादम जे काम देईल ते तो करतो. आज विटा, उद्या वाळू. मजूर थकलाय म्हणून त्याच्यावर चिडून उपयोग नाही, काम कोण देतंय ते विचारायचं. नशिबाने २०१८ च्या ४.१८ कर्नलपासून मुकादमाचं नाव मजुराच्या नावालाच जोडलेलं दिसतं. केवर्कर/०:२ यातला शून्य म्हणजे कोअरचा क्रमांक, त्यापुढे वजा किंवा अधिक चिन्ह आणि मग कामाच्या रांगेचं नाव. अधिक असेल तर काम आत्ता चालू आहे, वजा असेल तर ते त्याचं शेवटचं काम होतं.

रांगेचं नाव यूएसबी_हब_डब्ल्यूक्यू असेल तर यूएसबीला लावलेलं एकेक उपकरण काढून बघा. बहुधा एखादा हब किंवा मोडकं पोर्ट सारखं जोडलं जातंय आणि तुटतंय. केक्रिप्टडी असेल तर एनक्रिप्ट केलेल्या डिस्कवर कोणीतरी भरपूर लिहितंय किंवा वाचतंय. नुसतं इव्हेंट्स असेल तर ते सार्वजनिक नाक्यासारखं आहे, तिथे कोणीही काम देऊ शकतं. तेव्हा कर्नलच्या ट्रेसिंगमध्ये (आतल्या घटनांच्या नोंदीत) वर्कक्यू:वर्कक्यू_क्यू_वर्क ही घटना चालू करून ट्रेस_पाइप दहा सेकंद वाचायचा. ज्या फंक्शनचं नाव ओळीमागून ओळ येत राहील तोच मुकादम. आउटपुट_पोल_एक्झिक्यूट असं नाव येत राहिलं तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर मॉनिटर जोडलाय का हे दर काही सेकंदांनी तपासतोय, आणि त्या तपासणीलाच फार वेळ लागतोय.

बाबांच्या मशीनवर नाव होतं केएसीपीआयडी.

"के, ए, सी, पी, आय, डी. हे पोलिसांचं काही आहे का रे?"

पोलिसांचं नाही. एसीपीआय म्हणजे मदरबोर्डच्या फर्मवेअरने ऑपरेटिंग सिस्टिमशी बोलायची ठरलेली पद्धत. झाकण मिटलं, चार्जर लावला, बॅटरी उतरली, प्रखरता कमी करायचं बटण दाबलं, असं काही झालं की बोर्ड एक इशारा देतो. या इशाऱ्यांना क्रमांक असतात, त्यांना जीपीई म्हणतात. इशारा आला की कर्नल फर्मवेअरमध्ये लिहून ठेवलेला छोटा प्रोग्राम चालवतो, आणि ते चालवण्याचं काम या रांगेत पडतं. दिवसातून पाच-पन्नास इशारे आले तर ठीक. सेकंदाला काही हजार आले तर एक अख्खा कोअर त्यातच जातो. दाराची बेल शॉर्ट होऊन वाजतच राहावी आणि घरातल्या एकाने दर वेळी उठून दार उघडत राहावं, तसं.

बेल कुठली, ते बघायला एकच ओळ लागते:

ग्रेप -आर . /सिस/फर्मवेअर/एसीपीआय/इंटरप्ट्स/

ही ओळ फोनवरून सांगणं म्हणजे अर्ध्या तासाचा कार्यक्रम. "जी, आर, ई, पी. मग जागा सोडा. मग आडवी रेघ आणि आर. परत जागा. मग टिंब. नुसतं टिंब, बाबा." काळ्या खिडकीत (बाबा टर्मिनलला हेच म्हणतात) लांबलचक यादी आली. बहुतेकांपुढे शून्य. जीपीई६एफ पुढे अठरा लाखांवर आकडा. तीच ओळ दहा सेकंदांनी परत चालवायला लावली. आकडा हजारोंनी पुढे गेला होता. एकदा बघून काही ठरवू नका, दोनदा बघा. साठलेला आकडा जुना असू शकतो, वाढणारा आकडा आजचा असतो. खात्री हवी असेल तर /प्रॉक/इंटरप्ट्स मध्ये एसीपीआयची ओळ बघा, साधारणपणे नऊ क्रमांकाची. तीही त्याच वेगाने पळत असते.

आता बंद करायचं. पण त्याआधी एक गोष्ट तपासा, कारण इथे घाई महागात पडते. लॅपटॉपमध्ये एम्बेडेड कंट्रोलर नावाची एक चिप असते, कीबोर्ड, बॅटरी, पंखा यांची व्यवस्था बघणारी. तिलाही स्वतःचा जीपीई असतो. तो बंद केलात तर बॅटरीची टक्केवारी गोठते, बटणं मरतात. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदवहीत) ईसी शोधलं की तिचा क्रमांक ओळीतच मिळतो. बाबांच्या मशीनवर तो निघाला ६ई. आणि बोंब मारणारा ६एफ. शेजारी शेजारी!

"ई लिहू का एफ?"

"एफ, बाबा. फणसातला फ."

"फणसाचं स्पेलिंग पी-एच ने होतं."

शेवटी "फॅन"वर एकमत झालं. ओळ अशी:

सुडो एसएच -सी 'इको डिसेबल > /सिस/फर्मवेअर/एसीपीआय/इंटरप्ट्स/जीपीई६एफ'

अवतरणचिन्हं महत्त्वाची. नुसतं सुडो इको लिहून पुढे बाण दिलात तर परवानगी नाही असं उत्तर येतं, कारण सुडो फक्त इकोला लागू होतो, फाइलमध्ये लिहिणारं शेल तुमच्याच साध्या खात्याचं राहतं. एंटर दाबल्यावर पाच-सात सेकंदांत पंखा खाली आला. फोनमधून ऐकू आलं मला. बाबा म्हणाले, "वा." आणि फोन ठेवला.

हे सगळं चार वेळा झालं. चारही वेळी मी मनात म्हटलं, कर्नलवाल्यांनी परत काहीतरी मोडलं.

जुना कर्नल काय म्हणतो

चौथ्या फोननंतर गणपतीला घरी गेलो, तेव्हा मशीन हाताशी होतं. खरं तर पहिल्याच दिवशी करायची चाचणी तेव्हा केली. सुरू होताना एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे कर्नल निवडायचा, मेनू आणला, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये गेलो आणि आधीचा ६.५ निवडला. (जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवावा लागतो.) उबुंटू मागचा एक कर्नल राखून ठेवतो, फेडोरा नेहमीच्या सेटिंगमध्ये तीन ठेवतो, ते याचसाठी. लॉगिन केलं, युनेम -आर ने खात्री केली की खरंच ६.५ चालू आहे, आणि टॉप उघडला.

केएसीपीआयडी. एक कोअर भरलेला. पंखा सुरू.

जो कर्नल महिनोन्‌महिने शांत चालला होता, त्याच्यावरही तेच. म्हणजे कर्नल निर्दोष.

मग बदललं काय? यावर मी आरतीच्या वेळीसुद्धा विचार करत होतो. उत्तर बावळटपणाचं होतं. इकोने केलेला बदल फक्त चालू सत्रापुरता असतो, रीस्टार्ट झालं की गेला. आणि बाबा लॅपटॉप कधीच बंद करत नाहीत. झाकण मिटतात, उघडतात. अपडेटने मागितलेला रीस्टार्टही "नंतर" म्हणून टाळतात आणि महिन्यां-महिन्यांनी एकदा कंटाळून देतात. म्हणजे त्यांचं मशीन रीस्टार्ट होतं तेव्हा हटकून नवा कर्नल आलेला असतो. मी दर वेळी नवा कर्नल पाहिला, रीस्टार्ट पाहिलाच नाही. लास्ट रीबूट ही कमांड दिली असती तर सगळ्या तारखा समोर आल्या असत्या.

म्हणून अपडेटनंतर बिघडलं असं कोणीही म्हणालं की मी आता दोन प्रश्न विचारतो. जुन्या कर्नलवर बघितलंस का? आणि शेवटचं रीस्टार्ट कधी केलं होतंस? दुसऱ्या प्रश्नात बरंच सापडतं. हाताने सिसफएसमध्ये (वर आलेल्या /सिस खाली) किंवा सिससीटीएलने कर्नलच्या सेटिंगमध्ये केलेले बदल, कधीतरी चालू केलेली आणि विसरलेली सर्व्हिस, अर्धवट लिहून ठेवलेली कॉन्फिग फाइल. सगळं रीस्टार्टची वाट बघत दबा धरून बसलेलं असतं.

कायमचा इलाज मग दहा मिनिटांचा होता. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट या ओळीतल्या अवतरणात

एसीपीआय_मास्क_जीपीई=०एक्स६एफ

एवढं जोडलं, सुडो अपडेट-ग्रब चालवलं, रीस्टार्ट केलं, आणि /प्रॉक/सीएमडीलाइन वाचून ते खरंच पोचलंय याची खात्री केली. ही खात्री सोडू नका. अपडेट-ग्रब विसरलेला मी पहिला नाही. क्रॉनमध्ये (कमांड आपोआप चालवणारी सोय) डिसेबलची कमांड @रीबूट ची ओळ म्हणून टाकायचा सल्लाही बऱ्याच ठिकाणी दिसतो. चालतो तो, पण काही मशीनवर झोपेतून उठल्यावर बेल परत चालू होते, आणि मास्क हा डिसेबलपेक्षा पक्का असतो. नंतर झाकण, प्रखरतेची बटणं, चार्जर काढ-घाल, झोप-जाग, सगळं एकदा करून बघितलं. सगळं चाललं.

आणि हे करण्याआधी एफडब्ल्यूयूपीडीने फर्मवेअरचं अपडेट मिळतंय का तेही बघा: एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर गेट-अपडेट्स. बेल फर्मवेअरच्या चुकीमुळे वाजत असेल तर इलाज तिथेच व्हायला हवा, आणि नवं बायोस बसल्यावर मास्क काढून एकदा परत मोजायला हवं. बाबांच्या मॉडेलला नवं काही नव्हतं.

कर्नलच दोषी असतो तेव्हा

जुना कर्नल शांत आणि नवा तापतोय, हे दोन-तीनदा उलटसुलट करून पक्कं झालं तर प्रकरण वेगळं. त्यातही कर्नलची चूक असण्याआधी कर्नलसोबत जे यायला हवं होतं ते आलं नाही, हेच जास्त वेळा निघतं.

पहिला संशयित एनव्हिडियाचा ड्रायव्हर. तो बहुतेक ठिकाणी डीकेएमएसने प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने बांधला जातो. बांधणी फसली तरी मशीन सुरू होतं, स्क्रीन दिसते, म्हणून संशय येत नाही. पण ग्राफिक्स कार्ड बाजूला बसलेलं असतं आणि सगळी चित्रं प्रोसेसर काढत असतो. टॉपमध्ये ग्नोम-शेल किंवा एक्सऑर्ग वर, यूएस वाढलेला, खिडकी सरकवली की टक्केवारी उसळते. जीएलएक्सइन्फो -बी चालवा. रेंडररपुढे एलएलव्हीएमपाइप लिहिलेलं असेल तर निदान झालं. मग डीकेएमएस स्टेटस बघा, त्यात नव्या कर्नलपुढे इन्स्टॉल्ड आहे का ते.

नसण्याची कारणं ठरलेली. एक, नव्या कर्नलचे हेडर (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली) बसलेले नाहीत. लिनक्स-हेडर्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४ हे मेटा पॅकेज टाका म्हणजे पुढच्या वेळी आपोआप येतील. दोन, सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू आहे आणि ड्रायव्हरच्या मॉड्यूलवर सही नाही. मॉडप्रोब करताना की नाकारल्याचा संदेश येतो. तीन, बांधणी करणारा कंपायलर, जीसीसी. २२.०४ वर ६.५ आला तेव्हा अनेकांना हाच चटका बसला. तो कर्नल जीसीसी १२ ने बांधलेला आणि मशीनवर नेहमीचा जीसीसी ११, त्यामुळे एफट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट हा पर्याय ओळखता येत नाही म्हणून बांधणी मध्येच मरायची. जीसीसी-१२ टाकलं की सुटायचं. हे सगळं /व्हार/लिब/डीकेएमएस खाली मेक.लॉग मध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं. शेवटून वाचू नका, पहिली एरर शोधा.

दुसरा संशयित घड्याळ. हा सर्व्हरवर जास्त भेटतो. डेटाबेस आणि जावाचे प्रोग्राम दर सेकंदाला लाखो वेळा वेळ विचारतात. टीएससी हे प्रोसेसरच्या आतलं घड्याळ असेल तर ते कर्नलपर्यंत न जाताच उत्तर मिळवतात. सुरू होताना कर्नलला टीएससीबद्दल शंका आली तर तो ते बाद करून एचपीईटी या बाहेरच्या, हळू घड्याळावर जातो, आणि मग प्रत्येक चौकशीला कर्नलचा उंबरठा ओलांडावा लागतो. एसवाय वाढतो, पण दोष कोणाचाच दिसत नाही. करंट_क्लॉकसोर्स ही फाइल वाचा, आणि डीमेसेजमध्ये टीएससी अनस्टेबल असा उल्लेख आहे का बघा. टीएससी=रिलायबल हा पर्याय देऊन कर्नलचं तोंड बंद करता येतं, पण घड्याळ खरंच बिघडलेलं असेल तर वेळ मागे-पुढे होईल. आधी बायोस अपडेट.

तिसरं, सुरक्षेचा खर्च. ही चूक नाही, किंमत आहे. २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर उघड झाले तेव्हापासून कर्नलमध्ये प्रोसेसरच्या दोषांवरची ठिगळं वाढत गेलीत. २०२२ च्या रेटब्लीडच्या वेळी तो दोष शोधणाऱ्या झुरिकच्या संशोधकांनीच एएमडीवर १४ आणि इंटेलवर ३९ टक्क्यांपर्यंतचा भार मोजला होता. ज्या कामात कर्नलमध्ये सारखं ये-जा करावं लागतं तिथे हे जाणवतं, गाणी ऐकताना नाही. एलएससीपीयू कमांडच्या शेवटच्या, दोषांबद्दलच्या ओळी दोन्ही कर्नलवर घेऊन ताडून बघा. ही ठिगळं काढायला मिटिगेशन्स=ऑफ हा पर्याय आहे, वेगही येतो. ज्या मशीनवर ब्राउझर चालतो तिथे मी तो कधीच देणार नाही.

चौथं, टक्केवारी वाढली पण काम वाढलंच नाही. प्रोसेसर ४०० मेगाहर्ट्झला अडकला तर एरवी दहा टक्क्यांत होणारं काम साठ टक्के दाखवतं. टक्केवारी वेळेची असते, कष्टाची नसते. नव्या कर्नलसोबत वेग ठरवणारा ड्रायव्हर बदलू शकतो, ६.५ पासून एएमडीच्या बऱ्याच नव्या प्रोसेसरवर एएमडी_पीस्टेट सक्रिय पद्धतीने चालू लागला. सीपीयूपॉवर फ्रीक्वेन्सी-इन्फो दोन्हीकडे बघा. इथे पंखा शांत असतो आणि मशीन रेंगाळतं, तीच खूण.

आणि एक निव्वळ भास. २०२३ च्या जुलैत ६.१.३९ आणि ६.४.४ या कर्नलांवर मारियाडीबी हा डेटाबेस चालवणाऱ्यांना एक कोअर कायम शंभर टक्के डब्ल्यूएमध्ये दिसू लागला. इशाऱ्याच्या घंटा वाजल्या, लोक रात्री उठले. प्रत्यक्षात कोअर रिकामाच होता. आयओ_यूरिंगने (वाचन-लेखन करून देणारी कर्नलची सोय) वाट बघायची पद्धत बदलली होती, त्यामुळे निवांत बसलेला वेळ डिस्कच्या नावे लिहिला जात होता. डब्ल्यूए हा मुळात रिकामा वेळच असतो, हे विसरलं की अशी रात्र येते.

टॉपमध्ये केस्वॅपडी० हा मेमरी मोकळी करणारा थ्रेड वर दिसला तर मेमरी कमी पडतेय का बघा, पण त्याआधी तो खरा आहे का तेही. कर्नलच्या खऱ्या थ्रेडचा पालक दोन क्रमांकाची प्रोसेस असतो आणि पीएसमध्ये त्याचं नाव चौकटी कंसात येतं. साध्या खात्यावर चालणारा, डिस्कवर फाइल असलेला केस्वॅपडी० म्हणजे तुमच्या विजेवर क्रिप्टो नाणी काढणारा चोर. केडेवटीएमपीएफएसआय नावाचाही असाच एक भामटा फिरतो. तिथे कर्नलचा विषय संपतो, मशीन नव्याने उभारायचा सुरू होतो.

यातलं काहीच नसेल तर पर्फ टॉप (प्रोसेसर कुठल्या फंक्शनात जातोय ते दाखवणारी कमांड) चालवा. उबुंटूवर पर्फ प्रत्येक कर्नलसाठी वेगळा येतो, म्हणून लिनक्स-टूल्सचं नव्या कर्नलशी जुळणारं पॅकेज टाकावं लागतं, नाहीतर तो सापडत नाही म्हणून रडतो. वरच्या पाच फंक्शनांची नावं घेऊन शोधलंत तर केवर्करच्या नावाने शोधण्यापेक्षा शंभरपट नेमकं सापडेल. तिथेही नवीन निघालं तर उबुंटूवाल्यांनी बांधून ठेवलेले मेनलाइन (मूळ, भर न घातलेले) कर्नल आहेत, ६.६, ६.७ असे टाकून कुठल्या आवृत्तीत बिघडलं ते तासाभरात कळतं (सिक्युअर बूट बंद करावं लागेल, त्यांवर सही नसते). दोष कळवताना एवढं दिलंत तरी कर्नलवाले खूश होतात. गिट बायसेक्टने (बदलांची यादी अर्धी-अर्धी करत) ६.५ ते ६.८ मधला नेमका बदल शोधायचा तर पंधरा-सोळा वेळा कर्नल बांधावा लागतो. जुन्या लॅपटॉपवर तो रविवार कामी येतो, सोमवारही.

तोवर जुन्या कर्नलवर राहायला एपीटी-मार्क होल्ड (पॅकेज आहे तिथेच गोठवणारी कमांड) आहे. फक्त कॅलेंडरमध्ये महिन्याची आठवण लावा. होल्ड केलेला कर्नल म्हणजे कर्नलच्या सुरक्षेचे अपडेट थांबलेले, आणि होल्ड केल्याचं कोणालाच आठवत नाही.

बाबांचा लॅपटॉप

मास्क लावून झाल्यावरही एक खटकत होतं. पाच-सहा वर्षं माझ्याकडे असताना हे कधीच झालं नव्हतं. मास्क काढून परत मोजायला बसलो तेव्हा सहज टाइप-सी पोर्टमध्ये केबल घातली. आकडा थांबला. केबल जरा हलवली, परत पळाला. काढली, पळतच राहिला. तीनदा करून बघितलं. पोर्ट आतून सैल झालंय.

"हे कधी झालं?" मी विचारलं. बाबा मोदकाकडे बघत होते.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पलंगावरून पडला होता ना तो, गेल्या वर्षी. वायरीसकट. बंदच पडला होता, मग ह्यांनी परत चालू केला. तुला सांगितलं नाही वाटतं?"

अपडेट तेव्हा आधीच बसलेलं होतं. ५.१९ पहिल्यांदा सुरू झाला तो त्या पडण्यानंतर.